पांदणीत काय उभं आहे ते आधी पाहा

झाडाझुडपांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी बारावी झालेली आहे. घरची कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. आमच्या भागात एक गट आहे. शाळेतले दोन गुरुजी, एक निवृत्त वनपाल आणि काही पोरं महिन्यातल्या एका रविवारी रानात फिरतात, गावरान झाडं-वेली ओळखतात, वहीत लिहून ठेवतात. आता बिया गोळा करून रोपं करणार म्हणतात. मलाही या म्हणाले. जावंसं वाटते, पण ते लोक शास्त्रीय नावं घेतात आणि मला नुसती गावची नावं येतात. बायांमध्ये मी एकटीच असणार. सासूबाई म्हणतात, "कचरा पाहाले कायले जातं? निंदणात रोज पाहात नाही का?" जाऊ का? गेले तर माझा तिथं काय उपयोग? आणि फॉरेस्टवाले काही म्हणतील का?
– एक वाचक भगिनी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, जा. येत्या फेरीलाच जा.

तुमच्या प्रश्नापेक्षा मला सासूबाईंचा प्रश्न जास्त आवडला. त्यांच्यावर रागावू नका, कारण त्या बोलल्या ते खरं आहे. निंदणाची पात धरून बसलेली बाई बारीक झाड जितक्या जवळून पाहते तितकं कॉलेजातलं पोरगं पाहत नाही. चिवळ कुठं पसरते, केना कोवळा कधी खुडायचा, काटवलाचा वेल धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) दरसाल नेमका कुठून फुटतो, हे तुम्हाला पुस्तकात पाहावं लागत नाही. तुमच्या गटातल्या पोरांना लागतं. तुमचा उपयोग काय, याचं अर्धं उत्तर सासूबाईंनीच देऊन टाकलं आहे.

काटवलाचंच घ्या. त्याचा कंद जमिनीत असतो, म्हणून मृगाचा पाऊस झाला की जुन्या जागीच वेल वर येतो. यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. फळ धरत नाही म्हणून "वांझ आहे" असं म्हणत लोक जो वेल उपटून टाकतात तो पुष्कळदा नर असतो, आणि तो गेला की शेजारच्या मादी वेलालाही फळ धरेनासं होतं. ओळखायला सोपं आहे. फूल हातात घ्या. पिवळ्या पाकळ्यांच्या खाली इवलंसं खरबरीत काटवल आधीच तयार दिसत असेल तर ती मादी. नराला ते नसतं. त्याच्या लांब देठावर फुलाला कवेत घेणारं एक पानासारखं झाकण असतं. पहिल्या फेरीत एवढं एक जरी तुम्ही धुऱ्यावर उभं राहून गुरुजींना दाखवलं तरी पुढच्या रविवारी तुम्हाला बोलवायला दुचाकी घरी येईल.

शास्त्रीय नावांची धास्ती नको. ती लागतात, कारण गावची नावं कोसा-कोसावर बदलतात. एकाच झाडाला इकडे टेंभुर्णी म्हणतात, तिकडे तेंदू. रानतुळस म्हटलं की कोण कुठल्या झाडाकडे बोट दाखवील त्याचा नेम नाही. म्हणून वहीत दोन रकाने असू द्या. गावचं नाव तुम्ही सांगायचं, शास्त्रीय नाव गुरुजींनी लिहायचं. गावच्या नावाचा रकाना कोरा राहिला तर नोंद अपुरी, हे मात्र त्यांना पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा. शिकलेल्या माणसांना हा रकाना सोडून द्यायची फार सवय असते.

आता शिकायचं कसं. शंभर नावं पाठ करायच्या फंदात पडू नका, आधी तीन झाडं पक्की करा. तुमच्याकडच्या रानात ऐन आणि धावडा हमखास, नाल्याकाठी अर्जुन. ऐनाची साल काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी तिचे चौकोन पडलेले, थेट मगरीची पाठ. धावड्याची साल पांढरट आणि गुळगुळीत. अर्जुनाचीही गुळगुळीत, पण तिचे मोठे पातळ पापुद्रे सुटतात. मग पान उलटं करा. ऐनाच्या पानाच्या पाठीवर, देठाशी, मधल्या शिरेवर दोन बारीक गाठी असतात. दहापट भिंगातून त्या स्वच्छ दिसतात. अर्जुनालाही अशा गाठी असतात, त्यामुळे एकट्या पानावर भरवसा ठेवायचा नाही. झाडाखाली वाकून फळ शोधा. दोघांच्याही फळाला पाच पंख. ऐनाच्या पंखावरच्या शिरा सरळ आडव्या काठापर्यंत जातात, अर्जुनाच्या वरच्या बाजूला वळतात. हे एकदा स्वतः पाहिलं की पुन्हा कोणाला विचारावं लागत नाही.

याच रीतीनं सालई आणि मोवई. दोन्हींची पानं संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पानोळे, आणि उन्हाळ्यात दोन्ही बोडकी. पाऊस लागल्यावर पाहा. सालईच्या पानोळ्याला करवतीसारखे दाते, मोवईची कडा साधी. मोबाईलवर फोटो काढायचा तर झाडासमोर उभं राहून स्वतःचा नको. पानाच्या दोन्ही बाजू, फांदीवर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, खोडाची साल, फूल, फळ. एवढे फोटो असले तर जाणकार माणूस घरी बसून नाव सांगू शकतो. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. गटाची सहल काढायचीच असेल तर तिकडे काढा.

बिया आणि रोपांविषयी मात्र मला थोडं खडसावून सांगायचं आहे, आणि ते तुमच्या मार्फत गटाला सांगते. रोपं करायच्या आधी पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेच्या कडांना, काय उभं आहे ते पाहा. तुमच्या कपाशीच्या पट्ट्यात जंगल उरलं ते टेकड्यांवर. शेतशिवारात मूळची झाडं तग धरून आहेत ती पांदणीच्या दोन्ही कडांना, ई-क्लासच्या (गावच्या गुरचराईच्या सरकारी) जमिनीवर, नाल्याच्या काठाला आणि एखाद्या देवस्थानाभोवती. एका जुन्या पांदणीत हिवर, बोर, पळस उभे असतात, त्यांच्यावर गुळवेल, गुंज, कावळी, वाघाटी चढलेली असते आणि बुडाशी शतावरी. कोणी लावलेली नाहीत. पाखरांनी आणि गुरांनी आणून टाकलेली, कोणी तोडली नाहीत म्हणून वाढलेली. असं कुंपण दहा वर्षांत रोपवाटिकेतून उभं करून दाखवा, मी जाहीर सत्कार करीन.

आता सगळीकडे पांदण रस्त्यांची कामं निघाली आहेत. रस्ता हवाच. पावसाळ्यात कापसाच्या खताची बंडी चाकाच्या आरीपर्यंत रुतते तेव्हा काय होतं ते मी पाहिलेलं आहे. पण जेसीबी येतो तो दोन्ही कडा एका दिवसात साफ करून जातो, कारण काय ठेवायचं ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या गटानं पहिलं काम हे करावं : गावातल्या एकेका पांदणीची यादी. कोणत्या कडेला कोणती झाडं, किती मोठी, कोणते वेल. जुन्या झाडांच्या बुंध्याला गेरूचा पट्टा. काम मंजूर व्हायच्या आधी ही यादी ग्रामसभेत ठेवायची आणि मोजणीत जितकी रुंदी लागते तितकीच साफ करा, शक्य तिथं एक कड राखा, एवढं मागायचं. मागणी थोडी ठेवली की मान्य व्हायचा संभव वाढतो. कंत्राट सुटल्यावर गेलात तर कोणी ऐकत नाही.

यादीला कायद्याचं घरही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितलेली आहे. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर या नोंदवह्या देशभर घाईघाईनं पुऱ्या झाल्या. तुमच्या पंचायतीच्या कपाटात ती असेल. काढायला लावा, वाचा आणि तुमच्या पांदणीशी ताडून पाहा. काय सापडेल ते मी आधी सांगत नाही, तुमचा विरस कशाला करू. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे. समितीत किमान एक तृतीयांश बाया असाव्यात असं २००४ च्या नियमांत घातलेलं होतं. समितीवर कोणाकोणा बायांची नावं आहेत आणि ते त्यांना ठाऊक आहे का, हेही विचारून घ्या.

दुसरं काम मोहाचं. तुमच्या शिवारात मोहाची झाडं मोजा आणि त्यात गुडघ्याएवढी किती ते मोजा. बहुतेक गावांत सगळी झाडं आजोबा-पणजोबांच्या वयाची निघतात. कारण उघड आहे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, त्यात उगवून आलेली पिल्लं जळतात. पुढे जे बी पडतं ते तेलासाठी उचललं जातं. उरलं त्यावर शेळ्या. मोह वेचणाऱ्या बायांशी बोलायचं काम गटातले गुरुजी करू शकत नाहीत, ते तुम्हीच करायचं. पेटवण्याऐवजी झाडाखाली जुनी लुगडी किंवा हिरवी जाळी अंथरली तर पहाटे पडलेली फुलं तिच्यावरच गोळा होतात, मातीही लागत नाही आणि स्वच्छ फुलाला भाव बरा मिळतो. धर्मोपदेश नको, भावाचं बोला.

मोहाचं बी साठवून ठेवता येत नाही. जून-जुलैत पडलं की दोन-तीन आठवड्यांत त्याची उगवण झपाट्यानं घटते. कडुनिंबाचंही तसंच. म्हणून ताजं बी पहिल्या चांगल्या पावसात थेट धुऱ्यावर टोबायचं. सरकी टोबायचा हात तुम्हाला आहेच. मोहाचं सोटमूळ लवकर खोल जातं, छोट्या पिशवीत ते गुंडाळतं आणि झाड कायमचं अडखळतं. बहाव्याचं बी उलट. टणक, वर्षभर राहतं, पण टरफलाला ओरखडा काढल्याशिवाय किंवा कढत पाण्यात भिजवल्याशिवाय लवकर फुटत नाही. बिब्ब्याच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. तेल उतलं की काय होतं ते सासूबाई सांगतील.

हा गट चांगला की कसा, ते दोन फेऱ्यांत कळेल. पहिल्याच दिवशी फ्लेक्स लावून गुलमोहर लावायला निघाले तर घरी या, गुलमोहर मादागास्करचा. कोणी सफेद मुसळीच्या जागा फार बारकाईनं विचारत असेल, किंवा गटातला एखादा पिशवी घेऊन कंद उकरत असेल तर गुरुजींच्या कानावर घाला. दुर्मिळ कंदाची जागा फोटोसकट व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही, हा नियम पहिल्यापासून हवा. एकदा जागा फुटली की पुढच्या पावसाळ्यात तिथं खड्डेच राहतात. कळलावीचंही हेच, पानाचं टोक लांबून वेलाच्या तणावासारखं गुंडाळलेलं दिसलं की ओळखा, पाहा, आणि हात धुवा. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

तसंच देशी-विदेशीचं सोवळं कोणी फार पाळत असेल तर त्यालाही थोडं हसून घ्या. सीताफळ अमेरिकेतून आलेलं, मिरची आणि टमाटरही. ती आपल्या रानावर उठलेली नाहीत. रायमुनिया (घाणेरी) उठली आहे, गाजरगवत उठलं आहे. भांडण त्यांच्याशी.

फॉरेस्टचं विचारलंत. पांदण, ई-क्लास, स्वतःचा धुरा इथं पाहायला, लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. राखीव जंगलात जायचं तर आधी वनरक्षकाला सांगून जायचं, निवृत्त वनपाल गटात आहेत हे त्यासाठी फार सोयीचं आहे. टिपेश्वर तुमच्या उशाशी आहे. ते अभयारण्य, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तिथून बीसुद्धा उचलायचं नाही, आणि आत जायचं ते ठरलेल्या दारानंच. अभयारण्याबाहेरही वाघ फिरतात हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. ऊन वर आल्यावर निघा, गटानंच राहा, नाल्यातल्या दाट झुडपात वाकून एकट्यानं काही शोधू नका.

राहिलं बायांमध्ये एकटं असण्याचं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००९ साली सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळवणारं. त्या गावात वर्षानुवर्षं अभ्यासगट चालत आला. त्यात बाहेरचे लोकही बसतात, चर्चा होते, पण निर्णय तिथं होत नाही. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या संमतीनं. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते, कारण अभ्यासात चुकीचं बोललं तरी बिघडत नाही म्हणून माणूस बोलतो. तुमच्या गटालाही ही वाटणी सुचवा. आणि निंदणातल्या दोघी-तिघींना घेऊन जा. रविवारची फेरी निंदण आणि वेचणी यांच्या मधल्या दिवसांत सकाळी, ऊन वर आलं की लगेच ठेवा म्हणावं, दुपारची ठेवली तर बाया येत नाहीत. सासूबाईंना पहिल्याच फेरीत न्यायची घाई करू नका. वही घरी आणा, न ओळखलेल्या झाडाची फांदी ओसरीवर ठेवा. त्या आपसूक विचारतील.

प्रश्न : आमच्या मच्छीमार संस्थेतल्या पोरांनी आणि गावातल्या काही जणांनी मिळून गट केला आहे. आमचा मामा (माजी मालगुजारी) तलाव बेशरमानं भरला. तो आणि तलावातली बाकीची सगळी झाडं यंत्र लावून एकदाच साफ करून टाकावी असं काहींचं मत आहे. काय करावं?
– एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : भाऊ, बेशरम काढा, "बाकीची सगळी" हा शब्द मात्र ठरावातून खोडा.

बेशरम दक्षिण अमेरिकेतली. फांदीचा तुकडा ओल्या मातीवर पडला की तिथं मूळ धरते, म्हणून कोयत्यानं तोडून काठावर फेकली तर तुम्ही ती लावली असं समजा. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मुळासकट खणायची, पाण्यापासून लांब नेऊन वाळवायची, पूर्ण वाळल्यावर जाळायची. पुढची दोन-तीन वर्षं फुटवे काढत राहावं लागतं. यंत्र एकदा येऊन जातं, फुटवे दरसाल येतात. जलपर्णी असेल तर तीही काढा.

पण कमळ, कुमुद, काठाचं देवधान (रानटी धान), पाण्याखाली वाढणारं बारीक गवत यांना हात लावू नका. गावरान मासे अंडी घालतात ती त्यांच्यात, पिल्लं लपतात ती त्यांच्यात. तलाव चकचकीत केला तर बाजारातून आणून सोडलेली बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) तेवढी वाढतील. कोहळी समाजाच्या मालगुजारांनी (जुन्या जमीनदारांनी) हे तलाव बांधले तेव्हापासून त्यांची एक चढ-उताराची रीत आहे : काठाला एक वनस्पती, गुडघाभर पाण्यात दुसरी, खोलात तिसरी. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या ढीवर (मासेमार समाजाच्या) बायांना काठाकाठानं फिरवा आणि कुठल्या गवतात कोणता मासा सापडायचा ते लिहून घ्या. जिथलं गवत गेलं असेल तिथं शेजारच्या तलावातून बुडासकट उपटून आणून चिखलात लावता येतं. भंडारा-गोंदियाच्या काही तलावांवर लोकांनी हे केलेलं आहे. पाऊस सुरू झाला की काम थांबवा. तुमच्या जिल्ह्यात सारस पावसाळ्यात पाणथळीत आणि धानाच्या बांधीत घरटं करतो, त्या दिवसांत काठावर गर्दी नको.

प्रश्न : ५ जूनला शाळेत वृक्षारोपण आहे. स्थानिक दहा झाडांची यादी द्यावी.
– मुख्याध्यापक, जि. प. शाळा, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : सर, दहा देत नाही. तुम्ही खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या जमीन-पाण्याच्या भागात आहात, तिथं मोह-साग लावून पोरांना दुःखी करू नका. बाभूळ, हिवर, करंज, पळस आणि बोर, एवढी पुरेत. ५ जूनला तुमच्याकडे बेचाळीसचं ऊन असतं आणि पाऊस अजून वाटेत. त्या दिवशी भाषण करा, खड्डे दाखवा, फोटो काढा. रोपं जमीन चांगली भिजल्यावर लावा, साहेब आले नाहीत तरी चालेल. शाळेच्या आवाराला भिंत आहे की नुसती तार, ते पत्रात लिहिलेलं नाही. तार असेल तर बोराटीचा (बोरीच्या काट्यांचा) फेर आधी करा, नाहीतर गावातल्या शेळ्यांसाठी मी यादी दिल्यासारखं होईल.